देवांगचा घसा

अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या पार्सिपनी गावी, एका टाउनहाउसच्या जेवणाच्या टेबलावर, वरणाचे डाग मुरलेल्या प्लास्टिकच्या आच्छादनावर लॅपटॉप ठेवून, सिद्धेशने वर्षभरात चार माणसांना नोकऱ्या मिळवून दिल्या. त्यांतल्या एकालाही त्याने काही शिकवले नव्हते. तो फक्त त्यांच्या वतीने बोलला होता. उमेदवार कॅमेऱ्यासमोर बसे; टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, जिथे कॅमेऱ्याची नजर पोहोचत नसे, तिथे हातात मायक्रोफोन घेऊन सिद्धेश बसे. प्रश्न आला की सिद्धेश उत्तर देई आणि समोरचा माणूस ओठ हलवी. या उद्योगाला कायद्यात एक नाव आहे, धंद्यात दुसरे. हेमचंद्रकाका त्याला 'मदत' म्हणत.

काकांची कन्सल्टन्सी होती. भारतातून, आणि हल्ली युरोपातूनही, इंजिनियर व्हिसावर आणायचे आणि मोठ्या कंपन्यांना भाड्याने द्यायचे, हा तिचा व्यवसाय. गिऱ्हाईक मिळेपर्यंत ही मुले काकांच्या या दुसऱ्या घरात तळघरात गाद्या टाकून राहत. या घराला गेस्टहाउस म्हणत आणि या अवस्थेला 'बेंचवर असणे'. याखेरीज काका महाराष्ट्र मंडळाच्या नाट्यविभागाचे प्रमुख होते, आणि आपल्या दोन उद्योगांत मूलतः काही फरक आहे असे त्यांना कधी वाटले नाही. मुलाखतीची ते रीतसर तालीम घेत. मुलाखतीच्या सकाळी गॅरेजमध्ये नारळ फुटे, लॅपटॉपला हळदकुंकू लागे, उदबत्तीच्या धुराने बोंब होऊ नये म्हणून स्मोक अलार्मची बॅटरी आधीच काढून ठेवलेली असे, आणि मग काका देवघरातली पितळी घंटा वाजवत. पहिली, दुसरी, तिसरी. तिसऱ्या घंटेला त्यांचे डोळे खरोखर पाणावत. रंगदेवता आणि एखाद्या विमा कंपनीचा मनुष्यबळ विभाग यांना एकाच नारळाचा प्रसाद मिळाल्याचे उदाहरण नाट्यशास्त्राला अपरिचित असावे. काकांना ते परंपरेचे संवर्धन वाटे.

सिद्धेशने पुष्कळ वाचलेले होते, आणि पहिल्या वेळी त्याला हे सारे विनोदी वाटले. वाचणाऱ्या माणसांचा हा जुना आजार आहे. एखाद्या गोष्टीवर हसता आले की आपण तिच्या बाहेर उभे आहोत, अशी त्यांची समजूत होते.

तो मूळचा नागपूरचा, पण अमेरिकेत आला तो जर्मनीतून. केम्निट्स नावाच्या शहरात त्याने एम.एस. केले. सुरुवातीला विद्यापीठाच्या खाणावळीत वाफेत उभा राहून ताटे धुतली, नंतर एका गोदामात उजाडण्यापूर्वी पार्सलांची वाटणी केली, आणि शेवटी यंत्रांचे सुटे भाग कापणाऱ्या एका कारखान्यात प्रोग्रॅमर म्हणून त्याला कायमची नोकरी लागली. युरोपात त्याच्याशी कोणी वाईट वागले नाही. तक्रार करण्याजोगे काही घडले असते तर तो कदाचित तिथेच राहिला असता. अपमानालाही एक ऊब असते, निदान आपली दखल घेतली गेली एवढे तरी कळते. केम्निट्समध्ये लोक नमस्कार करत, दार उघडून धरत, रविवारी शांतता पाळत. त्या शांततेत सिद्धेश भात लावी आणि कुकरची शिट्टी शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून तिच्याजवळ उभा राही.

एका दिवाळीला जगभरच्या मराठी मंडळांनी मिळून ऑनलाइन अभिवाचन ठेवले होते. सिद्धेशने त्यात एक जुनी कथा वाचली. पुढच्या रविवारी फोन आला.

"जेवलास का रे?" पलीकडून एका अनोळखी, वयस्कर, मायाळू आवाजाने विचारले. नाव नाही, गाव नाही. एकदम जेवण.

या प्रश्नावर मराठी माणसे खंड ओलांडतात.

"मी हेमचंद्र. न्यू जर्सीहून बोलतोय. काका म्हण. अरे, काय आवाज आहे तुझा! काय शब्द टाकतोस! असा आवाज त्या थंड लोकांत कुजत ठेवलायस? इकडे ये. माझी कंपनी आहे, व्हिसाचं मी बघतो. इथं आपली माणसं आहेत."

सिद्धेशला वाटले, आवाजाचे कौतुक म्हणजे माणसाचे कौतुक. ही समजूत त्याने जवळजवळ दीड वर्ष, व्हिसाच्या लॉटरीत नाव लागेपर्यंत आणि नंतरही, निष्ठेने जपली.

पार्सिपनीत आल्यावर पहिले तीन आठवडे तो सुखी होता, हे सांगितलेच पाहिजे. काकांच्या पत्नी वीणाकाकू दोन गल्ल्या सोडून राहत आणि रोज संध्याकाळी डबे घेऊन येत. गरम भातावर तूप घालताना त्या "अजून थोडं" असे न विचारता म्हणत. तळघरात नागपूर, पुणे, कोल्हापूर अशा तीन प्रकारच्या मराठीत एकमेकांची टिंगल चाले. कोणाच्या घोरण्यावरून, कोणाच्या चपात्यांवरून, कोणाच्या सासूवरून. इतके दिवस ज्या भाषेत फक्त विचार केला, तिच्यात शिव्या ऐकणे हाही एक प्रकारचा गृहप्रवेश होता.

चौथ्या आठवड्यात काका म्हणाले, "एक छोटी मदत करशील? राजीवचा इंटरव्ह्यू आहे. त्याला सगळं येतं रे. फक्त बोलता येत नाही."

राजीवला काहीही येत नव्हते. सिद्धेश तरीही बोलला, कारण ज्यांच्या घरचे तूप आपल्या भातावर पडले त्यांना नाही म्हणायची सवय त्याला कोणी लावलेली नव्हती. राजीव टेक्ससमध्ये प्लेनोला नोकरीवर गेला. मग दुसरा, मग तिसरा. सिद्धेशच्या स्वतःच्या मुलाखतीची गोष्ट निघाली की काका म्हणत, "नेक्स्ट वीक. तुझ्यासाठी मी खास क्लायंट बघतोय." हळूहळू त्याच्या लक्षात आले की बाहेर भाड्याने द्यायचा माल वेगळा असतो आणि घरात ठेवायचे यंत्र वेगळे. व्हिसा काकांच्या कंपनीच्या नावावर होता. नोकरी सोडली, तर दुसरी कंपनी शोधायला कायदा दोन महिने देतो; मग विमानतळ.

देवांग चौथा. सांगलीचा, गोल चेहऱ्याचा, नखे कुरतडणारा, मनाने इतका चांगला की त्याचा राग येणे शक्य नव्हते. राग आला असता, तर सिद्धेशला ते फार सोयीचे झाले असते. बायको अनया सांगलीत होती. नोकरी लागली की तिला आणायचे, एवढीच देवांगची महत्त्वाकांक्षा. तो तिला रोज सकाळी फोन करी आणि 'प्रोजेक्ट जोरात चाललाय' असे सांगे. त्या वेळी तो बहुधा गेस्टहाउसमधली भांडी पुसत असे.

"ओठ कमी हलव, देवांग," तालमीत काका ओरडले. "चणे खातोयस का?"

"काका, हा लई फास्ट बोलतोय. थांबणार कुठं ते कळतच नाही मला."

"कळायचं कशाला? नटाला नाटक कळलं तर दिग्दर्शक कशाला हवा? अडकलास की पाणी पी."

"तीन ग्लास झाले की आत्ताच."

"मग नाक खाजव. नॅचरल दिसतं."

"एकदा पाणी, एकदा नाक," सिद्धेश मायक्रोफोनवरून म्हणाला. "अमेरिकेत एवढ्यावर सीनियर डेव्हलपर होता येतं, देवांग. डॉक्टर व्हायला मात्र कानही खाजवावा लागतो."

देवांग खोखो हसला. काकांनी टेबलावर चापट मारली. "विनोद पुरे! एकाग्रता!"

मुलाखत घेणारी इला नावाची होती, शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या एका विमा कंपनीत टीम लीड. तिथेच जन्मलेली, तिथेच वाढलेली. आईवडील मराठी डॉक्टर, आता निवृत्त. तिने तांत्रिक प्रश्न विचारले, सिद्धेशने उत्तरे दिली, देवांग चघळत राहिला. सगळे सुरळीत चालले होते. मग तिने समोरचा कागद बाजूला सारला आणि इंग्रजीत म्हणाली, "कामातलं असं काही सांगा, जे तुम्हांला अजून आठवतं. मोठं नको. आठवतं असं."

याची तालीम झालेली नव्हती. दाराजवळ उभे असलेले काका हातवारे करू लागले: लांबव, लांबव. सिद्धेशने तोंड उघडले, आणि जवळ दुसरे काही नव्हते म्हणून खरे सांगितले.

त्याने केम्निट्सचे सांगितले. फक्त, देवांगच्या बायोडेटाशी जुळावे म्हणून, तिथली नोकरी 'पुण्याहून जर्मन क्लायंटकडे गेलो होतो' अशी करून टाकली. ऑक्टोबरअखेर त्या देशात घड्याळे मागे घेतात, त्यामुळे रात्रीचा एक तास दोनदा येतो. कारखान्यातले एक यंत्र तो तास इमानेइतबारे दोनदा जगले आणि एकाच ऑर्डरचे भाग दोनदा कापून बसले. सगळे यंत्राला दोष देत होते. दोष प्रोग्रॅममध्ये होता. तो भिंतीवरच्या घड्याळावर विश्वास ठेवत होता. सिद्धेशने ते शोधून काढले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. फक्त लिंडनर नावाच्या एक वयस्कर सहकारी, ज्या त्याच्याशी दोन वर्षांत हवामानापलीकडे बोलल्या नव्हत्या, त्यांनी दुसऱ्या दिवशी आलुबुखाराच्या केकचा एक तुकडा बशीत घालून त्याच्या टेबलावर ठेवला, बशीला काटा टेकवला आणि काही न बोलता जागेवर जाऊन बसल्या.

"तेव्हा मला वाटलं, यांना बोलायचं नाहीये," तो मायक्रोफोनमध्ये म्हणाला. "आता वाटतं, त्या बोलल्याच होत्या."

केकचा उल्लेख आला तिथे देवांगने नाक खाजवले.

इलाने पेन खाली ठेवले. मग म्हणाली, "किती छान." ती देवांगला म्हणाली. देवांगच्या गोल चेहऱ्यावर ते कौतुक येऊन बसले, आणि तो लाजला. खरोखर लाजला. आपला टूथब्रश दुसऱ्याच्या तोंडात पाहिल्यावर जे होते, ते सिद्धेशला त्या क्षणी झाले; आणि ब्रश त्याने स्वतःच धुऊन, पेस्ट लावून त्याच्या हातात दिला होता.

"जर्मनी कुठून काढलंस रे?" नंतर पेढा भरवत काका म्हणाले. "पण काय सांगितलंस! केक काय, काटा काय! पुढच्या पोरासाठी पण ठेव हे. फक्त गाव बदल."

देवांग नेपरव्हिलला रुजू झाला आणि रुजू होताच त्याचा घसा बसला. इलाजच नव्हता. त्याच्या मूळ आवाजात सांगली होती, भीती होती, आणि इलाने ऐकलेले काहीही नव्हते. ऑफिसला तो मास्क लावून जाई, मीटिंगमध्ये गळ्याकडे बोट दाखवी, आणि जे बोलायचे ते टाइप करी. टाइप करण्याचा मजकूर पार्सिपनीहून सिद्धेश पुरवी.

"तिनं सूपची रेसिपी पाठवलीय," देवांग फोनवर कुजबुजला. आता तो घरीही कुजबुजतच असे. "लई चांगली आहे रे ती. पण तिचे बाबा कान-नाक-घशाचे डॉक्टर निघाले. तपासायला घरी बोलावलंय. आता?"

"जा. ते घसा बघतील. घशात काय असतं ते त्यांना माहीत आहे."

"चेष्टा नको रे. अनयाचं तिकीट काढलंय मी."

या काळात सिद्धेशच्या डोक्यात एक वेडेपणा शिरला, आणि शिकलेल्या माणसाचा वेडेपणा असल्यामुळे तो तर्काच्या पोशाखात आला. त्याचा तर्क असा: इलाने आपल्याला निवडले आहे. चेहरा दुसऱ्याचा होता हा तपशील झाला. ज्ञान, भाषा, आठवण, जे जे तिला आवडले ते आपले. तिच्या टीममध्ये आणखी एक जागा निघाली आहे. आपण आपल्या नावाने अर्ज केला, तर आधी एकदा झालेली निवडच पुन्हा करायची आहे. या विशाल देशात आपल्याला ओळखणारी ती एकच व्यक्ती होती, आणि तिने आपल्याला पाहिलेले नव्हते. व्हिसा तिच्या कंपनीकडे गेला की काकांची तालीम संपली. एका तरी ठिकाणी, एका तरी टेबलावर, आपल्या नावासमोर आपण बसलेले असू. यापलीकडे त्याला अमेरिकेकडून काही नको होते.

आवाज ओळखला जाईल, हे त्याला सुचले नाही असे नाही. लॅपटॉपमधून सगळ्यांचे आवाज सारखेच येतात, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. आणि केम्निट्सची गोष्ट सांगायची नाही, हे ठरवून टाकले.

मुलाखत त्याने गावातल्या वाचनालयाच्या काचेच्या खोलीत बसून दिली. नारळ नाही, घंटा नाही. बाहेर एक म्हातारा वर्तमानपत्रावर मान टाकून झोपला होता. वर्षभरात पहिल्यांदा सिद्धेश कॅमेऱ्यासमोर बसला होता, आणि आपले ओठ आपल्याच शब्दांवर हलताना पडद्यावर पाहून त्याला ते किंचित खोटे वाटले.

इलाने तांत्रिक प्रश्न विचारले. दोन उत्तरांनंतर तिची मान थोडी कलली. चौथ्यानंतर तिने लिहिणे थांबवले. मग तिने तोच प्रश्न विचारला. आठवतं असं काही.

त्याच्याजवळ दुसरे उत्तर तयार होते. एका प्रकल्पाचे, नीटनेटके, शेवटी धडा असलेले. ते त्याने सुरू केले आणि दुसऱ्या वाक्यावर त्याला त्याची शिसारी आली. आपल्या नावाने बोलायच्या पहिल्याच दिवशी आपण बनावट बोलावे, आणि खरे ते देवांगकडे राहावे? ती गोष्ट माझी आहे. तिच्यातला तो तास मी जगलो आहे. चोराला माल विकला म्हणून मालकाने तो ओळखायचाही नाही?

त्याने केम्निट्सचे सांगितले. या वेळी गाव न बदलता, क्लायंट न घालता. केक, बशी, काटा. इतके चांगले त्याने ते कधीच सांगितले नव्हते.

इला या खेपेला 'किती छान' म्हणाली नाही.

"माझ्या टीममध्ये एक जण आहे," ती म्हणाली. बोलणे इंग्रजीत चालले होते. तिचा स्वर सौम्य होता, आणि म्हणूनच त्यात पळायला वाट नव्हती. "त्याने मला हीच गोष्ट सांगितली. हाच केक. तो काटासुद्धा. आणि ज्या आवाजात सांगितली तो आवाज त्यानंतर मी आज ऐकते आहे. त्याचा घसा चार महिने बसलेला आहे. माझ्या बाबांनी तपासला. घशाला काहीही झालेलं नाही."

सिद्धेशने काचेबाहेर पाहिले; म्हातारा अजून झोपलेला होता.

"म्हणजे दोनच शक्यता आहेत. एकतर तुम्ही त्याची गोष्ट चोरली आहे, आणि आवाजाचा मला भास होतो आहे. भास होऊ शकतो. कोर्टात मी त्याच्यावर शपथ घेणार नाही. नाहीतर त्याने तुमचा आवाज वापरला. तसं असेल तर आज संध्याकाळपर्यंत तो इथे नसेल, आणि तुमच्याबद्दल मला पुन्हा विचार करता येईल. तुम्ही सांगा. गोष्ट कोणाची आहे?"

नैतिक पेचांचे वाङ्मय सिद्धेशने भरपूर वाचले होते. त्या सगळ्यात पेचात सापडलेल्या माणसाला विचार करायला निदान एक प्रकरण मिळते. इथे पडद्याच्या कोपऱ्यात मुलाखतीची वेळ संपत आल्याची पट्टी लुकलुकत होती. 'माझी' म्हटले असते, तर ते खरे झाले असते. वर्षभरातले पहिले खरे. देवांगची नोकरी गेली असती, मागोमाग व्हिसा, आणि सांगलीतली एक बाई पुढच्या आठवड्यात विमानात बसायची होती ती बसली नसती. आणि इलाने 'पुन्हा विचार' केला असता. कोणाचा? चार जणांना उसना आवाज देणाऱ्याचा. त्याला स्पष्ट दिसले की या खऱ्यावर आपल्या नावाची नोकरी उभी राहणार नाही. पण एक खोटे बोलले तर दुसऱ्याची नोकरी मात्र उभी राहील. हे औदार्य आहे की सवय, हे त्याला त्या काचेच्या खोलीत ठरवता आले नाही.

"त्याची," तो म्हणाला. "आम्ही एका घरात राहत होतो. त्याने मला सांगितली होती. मी ती माझी म्हणून सांगितली."

इलाने त्याच्याकडे बराच वेळ पाहिले. तिला खरे कळले होते, हे त्याला कळले. आणि कागदोपत्री मात्र तिने त्याचे हे खोटेच ठेवायचे ठरवले आहे, हेही.

"ठीक आहे," ती म्हणाली. मग एकाएकी, मंडळाच्या शनिवारच्या शाळेत शिकलेल्या, पाय अडखळणाऱ्या मराठीत: "माझे बाबा सांगायचे, मराठी माणूस खोटा बोलत नाही." आणि परत इंग्रजीत, "बाबा फार गोड आहेत."

पडदा काळा झाला. त्यात सिद्धेशचा चेहरा दिसला, आणि ओठ मिटलेले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका गेस्टहाउसवर आले. त्यांना सगळे कळलेले होते. इलाने देवांगला एकट्याला बोलावून फक्त एवढेच सांगितले होते, की तुझी गोष्ट कोणी सिद्धेश नावाचा माणूस वापरतो आहे, त्याने कबूल केले. आणि तुझा घसा आता बरा झाला पाहिजे. देवांगने घाबरत घाबरत, सांगलीसकट, स्वतःच्या आवाजात 'थँक यू' म्हटले होते. ती दचकली नव्हती. त्याने ताबडतोब काकांना फोन लावला आणि रडला.

सिद्धेशने आरडाओरड्याची तयारी ठेवली होती. कंपनीच्या मागे, चोरून, क्लायंटकडे थेट अर्ज. या धंद्यात यापेक्षा मोठा गुन्हा नाही. पण काकांनी त्याला मिठी मारली. अत्तराचा आणि फोडणीचा वास आला.

"वेड्या! मला सांगायचंस ना! तुला नोकरी कशाला पाहिजे? तू काय बाहेरचा आहेस?" त्यांनी त्याची पाठ थोपटली. "ऐन वेळी दुसऱ्याचं नाव राखलंस. मी कालच वीणाला म्हटलं, हा पोरगा आता खरा आपला माणूस."

हेच शब्द ऐकायला सिद्धेश एक समुद्र ओलांडून आला होता. ते आता आले, पूर्ण उबेसह, रीतसर. आणि भयंकर हे, की ते ऐकून त्याला बरे वाटले. देवांगची किळस, काकांची, त्या टेबलाची, सगळ्यांची किळस त्याने वर्षभर करून पाहिली होती. या बरे वाटण्याची जी आली तिच्यापुढे त्या सगळ्या फिक्या होत्या.

"काका," तो मिठीतून सुटत म्हणाला, "यापुढे मी बोलणार नाही."

"घसा बसलाय? अगं वीणा, हळद घालून दूध..."

"घसा ठीक आहे. कोणासाठीही बोलणार नाही."

वीणाकाकू स्वयंपाकघराच्या दारात डबा हातात घेऊन थांबल्या. काका खुर्चीवर बसले. ते रागावले नाहीत. ज्याचा मुख्य नट प्रयोगाच्या आधी पळाला आहे अशा दिग्दर्शकाचे शहाणे, सोसलेले दुःख त्यांच्या चेहऱ्यावर पसरले.

"मग व्हिसाचं काय करणार तू?"

"दोन महिने आहेत."

"दोन महिन्यांत तुला कोण घेणार? त्या मुलीनं नाव खराब केलं असेल एव्हाना."

"परत जाईन."

"कुठं? त्या थंड लोकांत?"

सिद्धेशने मान हलवली. कारखान्याने परत घेतले असते की नाही हे त्याला माहीत नव्हते. त्याने निघताना लिंडनरबाईंचा निरोपसुद्धा घेतला नव्हता.

"बरं," काका म्हणाले. त्यांनी चष्मा पुसला, फोन काढला. "जबरदस्ती नाही. आपल्यात जबरदस्ती कधीच नसते. पण शो थांबत नाही, बाळा." ते नंबर शोधू लागले. "डब्लिनला एक मुलगा आहे, वेद नावाचा. परवा त्या ऑनलाइन कार्यक्रमात ऐकला. काय आवाज आहे रे! एकटाच असतो. बिचाऱ्याशी मराठीत बोलायला कोणी नाही."

फोन लागला. काकांचा चेहरा उजळला, आणि त्या उजळण्यात रतीभरही खोट नव्हती; सिद्धेशने ती फार बारकाईने शोधली.

"जेवलास का रे?" काका म्हणाले. मग हसले, ऐकत राहिले, "हो हो" करत राहिले, आणि एकाएकी फोन स्पीकरवर टाकून सिद्धेशपुढे धरला. "घे. 'तुझ्यासारखाच तिकडून आलेला एक मुलगा आहे इथं,' असं सांगतोय त्याला. दोन शब्द बोल. तेवढाच धीर येतो. जाताना एवढं तरी करून जा."

सिद्धेशने फोन घेतला. वीणाकाकू खाली बघत होत्या.

"वेद, मी सिद्धेश," तो म्हणाला. "येऊ नकोस."

पलीकडे, दूर कुठेतरी पावसाळी रस्त्यावरून बस गेली.

"हे बघ," तो शब्दन् शब्द स्वच्छ उच्चारत म्हणाला, "यांना तू नकोस, तुझा आवाज हवा आहे. तो दुसऱ्यांच्या तोंडात घालतात. नोकरी त्यांना लागते. तू तळघरात राहतोस."

"आणि जेवायला?" वेदने विचारले.

"जेवायला तूपभात देतात."

काका खळखळून हसले. "ऐकलंस ना, वेद? आमच्याकडची पोरं अशी आहेत! एकेक नमुना!"

आणि पलीकडे तो मुलगा हसू लागला. आधी थोडे, मग मोकळेपणाने, मग श्वास लागेपर्यंत. कित्येक महिन्यांत त्याच्याशी कोणी मराठीत चेष्टा केलेली नव्हती. "परत बोला ना काहीतरी," तो धापा टाकत म्हणाला, "प्लीज, परत बोला," आणि त्याचे हसू थांबेना.